तानाचं एकच पान

मंडळी, बसून घ्या. दाराशी उभी हायत त्यांनीबी आत या, सतरंजीवर जागा हाय. माझ्या आधी कॉलेजचे सर बोलले. लय चांगलं बोलले, त्यांना सवय हाय. मला दुसऱ्याचं बोलणं ऐकायची सवय, माझं टेलिफोनचं बूथ हाय. आज पयल्यांदा माईकपुढं उभा ऱ्हायलो, आन ते असल्या कारणानं. सांभाळून घ्या.

मी बबन. कराडात एसटी स्टँडामागं माझं बूथ, आत दोन कॉम्प्युटर. ताना, म्हंजे आपला तानाजी, कॉलेजात लॅब असिस्टंट. कॉलेज सुटलं की साडेपाचला माझ्याकडं. नेटसाठी फोन पुण्याला लावायचा, ते मोडेम किरकिर करायचं, चार वेळा तुटायचं, पाचव्यांदा लागायचं. तवर ताना वही काढून बसायचा.

त्याच्या वाडीची माणसं आज आलीत. माणमधली वाडी. निम्मी घरं मुंबईला, निम्मी पलटणीत. आन जत्रा? जत्रा तिथीवर. रजेचा अर्ज आधी दोन महिने टाकावा लागतो, आन गावाकडनं पत्र पोचतं जत्रा होऊन गेल्यावर. ताना म्हनला, “गावोगावच्या जत्रंच्या तारखा नेटवर टाकायच्या. मुंबईत हापिसात एकानं बघितलं तर धा जणांना सांगंल.”

मी हसलो. म्हनलं, “ताना, तुझ्या वाडीत लाईट टिकत न्हाई, आन तू वेबसाइट काढतोस व्हय?”

तो म्हनला, “वाडीसाठी न्हाई गड्या. वाडीतनं गेलेल्यांसाठी.”

ही त्याची वही. वैनींनी काल माझ्या हातात दिली. हिच्या पयल्या पानावर मधी रेघ मारलीय. डावीकडं लिवलंय, ‘करायचं’. त्याच्या खाली एकच ओळ: जत्रेच्या तारखा. उजवीकडं लिवलंय, ‘करायचं नाही’. आन पानाच्या तळाला एक नेम लिवलाय, त्याच्याखाली दोन रेघा. गावचं कार्ड आल्याशिवाय तारीख टाकायची नाही.

म्हंजे काय, तर गावच्या पुजाऱ्याला न्हाईतर पाटलाला पोस्टाचं जोडकार्ड धाडायचं. त्यानं उत्तराच्या कार्डावर तारीख लिवून सही करायची. कार्ड आलं की तारीख. न्हाई आलं तर त्या गावापुढं मोकळी जागा. माणसं म्हनायची, मोकळं का ठेवलंय, वाईट दिसतंय. ताना म्हनायचा, दिसू द्या.

पयल्या वर्षी बारा गावं झाली. लोकं ‘तानाचं पान’ म्हनायला लागली. आन तिथंच घोटाळा झाला, मंडळी. पान चाललं.

एकजण म्हनला, ताना, एसटीच्या वेळा टाक. दुसरा म्हनला, लग्नाची स्थळं टाक, लय पुण्य लागंल. सांगलीचा एक म्हनला, हळदीचा दर टाक. आन खोटं कशाला बोलू, त्यातलं निम्मं मी सांगितलं. मला वाटायचं, पान मोठं झालं की माझं बूथबी मोठं. ताना प्रत्येक गोष्ट उजव्या बाजूला लिवायचा. ‘करायचं नाही.’ ही बघा, उजवी बाजू खालपर्यंत भरलीय. आन यातली एकूणएक गोष्ट त्यानं केली!

का केली? त्याला न्हाई म्हनता येत नव्हतं. वहीत न्हाई म्हनायचा, तोंडावर व्हय म्हनायचा. भिडस्त माणूस. गाढवाला ओझं जास्त झालं तर ते बसतं तरी. हा बसायचाबी न्हाई.

बारा गावांची सत्तर गावं झाली. स्थळांचे फोटो यायला लागले. एसटीच्या वेळा बदलायच्या, की लोकं स्टँडावर तानाला धरायची, जसा काय तोच कंट्रोलर. आमच्याकडं चहा प्यायला बसला तरी दाराकडं तोंड करून बसायचा, कोण आलं बघायला. एकदा मला म्हनला, “बबन, मी एक खिडकी करायला गेलो आन भिंतीच बांधल्या रं. आता भाईर कसं पडू?” मी काय म्हनलं? मी म्हनलं, “क्रिकेटचा स्कोर टाकूया का?”

आता जे सांगतोय ते मी कुणाला सांगितलेलं न्हाई. वैनींनाबी न्हाई.

जत तालुक्यातलं एक गाव. त्याचं कार्ड आलं नव्हतं. ताना स्थळांच्या पानात गुतला होता. मला म्हनला, “जागा मोकळी ठेव.” मी म्हनलं, “आरं, पौर्णिमेनंतरचा पयला मंगळवार, सगळ्या जगाला म्हाईत हाय. पंचांगात बघ की! सत्तर गावांच्या कार्डांची वाट बघत बसणार व्हय?” तो परत स्थळांचे फोटो लावायला लागला. आन मी, मंडळी, मी माझ्या हातानं ती तारीख टाकली.

त्या साली पौर्णिमाच मंगळवारी आली. आन त्या गावची रीत अशी, की पौर्णिमा मंगळवारी आली तर त्याच दिवशी जत्रा. पुढच्या मंगळवारची वाट बघायची न्हाई. हे पंचांगात नसतं. हे पुजाऱ्याला म्हाईत असतं.

जत्रेनंतर महिन्याभरानं पलटणीतला एक हवालदार बूथवर आला. त्याचा चुलतभाऊ पुण्यात, त्यानं तानाचं पान बघून तारीख कळवलेली. ह्यानं रजा घेतली, तीन दिवस रेल्वेत बसून आला, तर जत्रा होऊन आठ दिवस झालेले. त्या साली देवाची काठी धरायचा मान त्यांच्या घराचा होता. अकरा घरांत फिरतो तो मान. अकरा वर्षांनी पाळी. घरात दुसरा गडी न्हाई. काठी भावकीतल्या माणसानं धरली, आन त्याची आई दारात उभी राहून बघत ऱ्हायली.

तो वरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. म्हनला, “सायेब, तुमच्या पानावर तारीख नसती तर मी गावाला इचारलं असतं. तारीख होती म्हनून इचारलं न्हाई.”

ताना उठून उभा ऱ्हायला. हात जोडले. म्हनला, “माझी चूक झाली.”

आन मी? मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. खालमानेनं पावती फाडत होतो. ‘माझी चूक’ एवढंच म्हनायचं होतं. मला म्हनता आलं न्हाई. तानानंबी मला त्यावरनं कवा बोल लावला न्हाई. त्यानं एकदा शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

त्यानंतर कार्डावरचाबी त्याचा भरवसा उडाला. दर रविवारी पिशवी घेऊन एसटीनं निघायचा. एक गाव, न्हाईतर दोन. पुजाऱ्यापुढं बसून इचारायचा, पौर्णिमा मंगळवारी आली तर काय करता? घरात मयत झालं तर काय करता? सहा दिवस कॉलेज, रोज संध्याकाळी बूथ, सातव्या दिवशी एसटी. मी म्हनलं, बंद कर हे. तो म्हनला, “कसं करू? माणसं इचारायची थांबलीत आता.”

गेल्या रविवारी स्टँडावर, दहिवडीच्या गाडीला रांगेत उभा असताना, खाली बसला. माझ्या बूथपासनं पन्नास पावलं. मी पोचलो तवर पिशवी तेवढी मांडीवर होती.

एक्केचाळीस हे काय जायचं वय हाय?

चार दिवस मी बूथ उघडलं न्हाई. उघडलं तर दारात आठ कार्डं पडलेली. सगळी त्याच्या नावानं. ‘तानाजीराव, आमच्या गावची जत्रा अमुक दिवशी, मंडळींना कळवावे.’ त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बंद करायचं तर ही माणसं. चालवायचं तर मी असला. मंडळी, काल दिवसभर मी त्या खुर्चीत बसून होतो. मला उठताबी येईना.

संध्याकाळी वाडीचे तात्या आले. हे समोर बसलेत. म्हनले, “बबन, वाडीची जत्रा पुढच्या मंगळवारची होती. सगळी वाडी एक भावकी. सुतक हाय. जत्रा फुडं गेली. त्या पानावर तेवढं बदल.”

माझा हात कीबोर्डवर गेला. आन थांबला. म्हनलं, “तात्या, कार्डावर लिवून द्या.”

तात्या म्हनले, “आरं मी जित्ता तुझ्याम्होरं उभा हाय, कार्ड कशाला?”

म्हनलं, “कार्ड पायजे.”

तात्यांनी चष्मा लावला, लिवलं, सही केली. हे ते कार्ड. वाचतो. ‘आमच्या वाडीची जत्रा येत्या मंगळवारी होणार नाही. नवी तारीख गाव बसून ठरवील. कारण, आमचा तानाजी गेला.’

मग मी बसलो. एसटीच्या वेळा काढल्या. स्थळं काढली. हळदीचा दर काढला. एकेक करून वहीतली सगळी उजवी बाजू काढली. ज्यांना राग येईल त्यांनी बूथवर या, मी तोंडावर न्हाई म्हनीन. उरलं एक पान. जतच्या त्या गावाला येत्या रविवारी मी जाणार हाय. हवालदाराच्या आईला सांगणार हाय, तारीख टाकणारा हात कुणाचा होता ते.

आता सगळ्यांनी उभं ऱ्हावा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मला फक्त त्याला एवढंच सांगू द्या.

ताना, कार्ड आलं. तुझ्या वाडीपुढची तारीख मी काढलीय. नवं कार्ड येईस्तोवर जागा मोकळी ठेवलीय.