आग्रहाला माणूस उरला नाही

नाही, धुळाजीबुवा, मी खाली बसत नाही. सदरा ओढू नका, फाटेल. हार घालायचा, दोन गोड शब्द बोलायचे आणि गप बसायचं, हे तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं होतं?

बरं, रीत सोडत नाही. आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय धुळाजीबुवा. ज्यांना निरोप द्यायला जमलो ते मराठी परिषदेच्या आपल्या शाखेचे मावळते अध्यक्ष मोहनराव. व्यासपीठावर एकमेकांकडं न बघता बसलेले आदरणीय राधाकिशनराव आणि रामहरीबापू. दाराशी खुर्ची टाकून, वही उघडून बसलेले पोलीस अमीनसाहेब. आणि चकलांब्याच्या माझ्या मातांनो, बंधूंनो. अमीनसाहेब, इजाजत फक्त निरोपाच्या सभेची आहे, हे मला पाठ आहे. मी निरोपाचंच बोलतो. निरोप कुणाकुणाला द्यायचा, एवढंच बघू.

मोहनराव आज पाचच्या मोटारीनं बीडला आणि तिथून लेकीकडं जालन्याला चाललेत. डोळ्यांनी साथ सोडली. आठ वर्षांपूर्वी लोक त्यांना अध्यक्ष व्हा म्हणून विचारायला गेले. पहिल्या दिवशी ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अशी वावटळ सुटली की कुणी उंबरा ओलांडला नाही. तेव्हा मोहनरावच तोंडाला उपरणं बांधून दारोदार फिरले, "तुमी आज येणार व्हतात ना?" असं विचारत. हसा, तेही हसतायत.

रीतच आहे ना आपली? पंगतीत पोळी आली की हात आडवा धरायचा, पोटात कावळे ओरडत असले तरी. "मला पाहिजे" म्हणेल तो हावरा. दोनदा नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "तुमचा लईच आग्रह हाय तर" म्हणून मान तुकवायची. मी कॉलेजात चार बुकं शिकलो, पण हात माझाही आडवाच जातो.

आता यंदाचं ऐका. नवा अध्यक्ष कोण, यापेक्षा उभं कोण राहणार यावर गावानं पैजा लावल्या. धुळाजीबुवांनी मेंढा लावला राधाकिशनरावांवर. शिंप्यानं जरीचा फेटा लावला रामहरीबापूंवर. मीही राधाकिशनरावांवरच माझा फाउंटनपेन लावला. आणि कुणी लबाडी करू नये म्हणून धुळाजीबुवांनी कायदा काढला: ज्यानं पैज लावली त्यानं कुणाला भरीस घालायचं न्हाई, घातलं तर पैज बाद. मोठा न्यायाचा कायदा. फक्त झालं काय, की एकूण एक बाप्या पैजेत उतरला, आणि आग्रह करायला माणूसच उरला नाही.

पैजा लागल्यावर चौथ्या दिवशी मी राधाकिशनरावांकडं गेलतो. ओसरीत नवी सतरंजी, पानाचं तबक, वर फडकं. मला म्हणाले, "कावून रे, गावात काय झालंय? चार दिस झाले, कुणी फिरकंना." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "उभे राहा" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, कापसाच्या वेचणीची गडबड आहे. एका पेनापायी खोटं बोललो. रामहरीबापूंकडंही तसंच तबक होतं, हे मागाहून कळलं.

यात बिघडलं काय, असं वाटतंय ना? बीडचं पत्र आहे: नावाची चिठ्ठी आजच्या मोटारीनं आली नाही, तर ही शाखा बंद. आणि आपल्या मराठी शाळेची सरकारी इजाजत शाखेच्या अध्यक्षाच्या नावावर मिळते. अध्यक्ष नाही, तर इजाजत नाही. मग एकेचाळीस पोरं-पोरी बसणार कुठं?

काल केशरबाईंनी मला रस्त्यात अडवलं. शाळा त्यांच्या गोठ्यात भरते. स्वतःच्या म्हशी आठ वर्षं उघड्यावर बांधून त्यांनी गोठा दिला, सारवून दिला. म्हणाल्या, "तुमी पैजंत मेंढा लावला, फेटा लावला, पेन लावला. माजा गोठा कुणी लावला, तेवढं सांग."

सांगा, धुळाजीबुवा.

म्हणून मी माझी पैज मोडतो. पेन कुणीही घ्या. राधाकिशनराव, तुमच्या पाया पडून विचारतो, उभे राहता का? मान हलवलीत. कळलं, हा पहिला नकार. रामहरीबापू, तुम्ही? हात आडवा. तुमच्यावर राग नाही माझा. आणखी दोनदा विचारलं तर दोघंही हो म्हणाल. पण हा भोंगा ऐकलात? मोटार लागली. ती काही तीनदा विचारत नाही.

तेव्हा मोहनराव, ही चिठ्ठी तुमच्या हातात देतो. दिसत नसेल तर वाचून दाखवतो: उमेदवार, उत्तरेश्वर धोंडिबा, चकलांबा. मीच. माझ्यावर कुणी मेंढाच काय, कोंबडीही लावली नव्हती. मला कुणी विचारलेलं नाही. मला पाहिजे. अमीनसाहेब, हेही लिहून घ्या, स्पेलिंग हवं तर उर्दूत सांगतो.

मोहनराव, आठ वर्षं तुम्ही सही केलीत म्हणून शाळेचं दार उघडं राहिलं. ते उपकार भाषणानं फिटत नाहीत. सतरंज्या घालणाऱ्यांचे, हार ओवणाऱ्यांचे, एवढा वेळ ऐकून घेणाऱ्यांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला, वडीलधाऱ्यांना बोललो. लेकरू समजून पोटात घाला.

चला मोहनराव, ट्रंक मी घेतो, तुम्ही माझा खांदा धरा. नाही, धुळाजीबुवा, आता काही बोलू नका. थांबलो तर तुमच्यातलं कुणीतरी उठून मला आग्रह करायला लागेल, आणि मीही इथलाच. तोंडातून "नाही" निघून जाईल. सरका जरा, वाट द्या.