चित्रात काय नाही?

बाळांनो, समजा तुम्ही शाळेच्या तोंडी प्रवेशपरीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसला आहात. शेजारी एक वकीलबाई आणि एक इस्त्रीवाला. दोघांची मुलं नुकतीच परीक्षा देऊन आलेली.

“ताई, चित्रात टेबल, ताटल्या, सुऱ्या. काय नाही, विचारलं. आमची म्हणाली, जेवण! चूक दिली. आता प्रवेश हुकतो की काय!”

“अहो भाऊ, काटे नव्हते! माझ्या लेकाने पटकन ओळखलं.”

“आमच्याकडे काटे नसतातच. जेवण नसलं की लगेच कळतं.”

“काळजी कसली? तुम्हाला राखीव जागा आहेत.”

“आणि प्रश्न तुमच्या स्वयंपाकघरातले!”

तेवढ्यात इस्त्रीवाल्याच्या लेकीने वकीलबाईंच्या मुलाला कोपराने ढोसलं.

“आता मी विचारते. इस्त्री तापली, कसं ओळखशील?”

“दिवा विझतो.”

“चूक! आमची कोळशाची आहे,” म्हणत तिने त्याच्या तळहातावर पेनाने भलंमोठं शून्य काढलं.