सगळ्यात भक्कम कुलूप

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे घड्याळजी बसले होते. थेंब घातल्यामुळे डोळे मिटलेले, फोन मुलीच्या हातात.

"बघ गं, माझ्या घड्याळांच्या फोटोंना कुणी लाइक दिलंय?"

"कुणीच नाही."

"वर्षभर हेच. दुकान बंद केलं आणि माणसं फिरली. मग मीही बोलणं टाकलं."

"बाबा, फोटो कुणाला दिसलेच नाहीत. तुम्ही 'फक्त मला दिसावं' असं ठेवलंय."

"तूच म्हणालीस ना, अनोळखी लोकांपासून जपा? मी सगळ्यात भक्कम कुलूप लावलं."

"अहो, घरच्यांनाही बाहेर ठेवलंत!"

"म्हणजे तुझ्या वाढदिवसाला लिहिलेलं..."

"तुम्ही लिहिलं होतं? मला वाटलं, विसरलात. म्हणून तर तुमच्या डोळ्यांचं कळेपर्यंत चार महिने फोन केला नाही मी."

"आणि तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी केला नाही. खाली असेल बघ. जरा लांबलंय."

"सापडलं."

"वाचलंस?"

"वाचतेय."

"काढ त्याचं कुलूप. दिसू दे सगळ्यांना."

"बाकीच्यांची काढते. हे आपल्या दोघांनाच दिसेल असं ठेवते."

"अगं, थेंब माझ्या डोळ्यांत घातलेत. नाक तू का ओढतेयस?"