शेजारशेजारच्या संख्या

‘काकांचं उत्तर तपासायचं नाही’ — हाच ना आपल्या घरातला नियम, काका? बाबांनी तर आल्या आल्या दारातच आठवण करून दिली — काकांच्या प्रमाणपत्रावर सही करून टाक, घरचंच काम आहे, उद्या त्यांची सभा आहे. पण ही तपासणीची खोली आहे, आपला दिवाणखाना नव्हे! कुणीही उठतं, म्हणतं संगणकातले संदेश कुलूपबंद ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या मी झटक्यात फोडतो, आणि त्या खरंच फुटतात की नुसत्या थापा, ते मी बघते — मला पगारच त्याचा मिळतो. — नाही, उठू नका. बसा. आत्या, त्यांना पाणी द्या. — तुम्ही आणलेली प्रत्येक किल्ली फुटली, काका. फुटणारच! दोन अवाढव्य मूळ संख्या घ्यायच्या, गुणायच्या, गुणाकार जगाला सांगायचा आणि त्या दोघी पोटात ठेवायच्या — एवढीच तर किल्ली; गुणाकारावरून त्या दोघी हुडकल्या की ती फुटली. पण दोघींनी एकमेकींपासून लांब राहायला नको? तुम्ही एक निवडलीत, आणि दुसरी कोणती — तिच्या लगेच पुढची! भिंतीला भिंत लागून! गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की आपण थेट त्यांच्या दारात. — हसू नको तर काय करू? लहानपणी माझी बाहुली पडद्यामागे तुम्हीच लपवायचात, तुम्हीच शोधायचात, मी टाळ्या वाजवायचे. निवृत्त झाल्यापासून तोच खेळ चालवलाय तुम्ही, फक्त टाळ्यांना आता सभा हवी.

माझी किल्ली? शेजारच्या खोलीत आहे. प्रोग्राम तुमचाच, संख्या माझी. संगणकाच्या पंख्याची घरघर ऐकू येतेय ना? तेच ते, अजून फोडतोच आहे. आणि फार अवघडही नाही हो — रविवारभर घरी बसून मी किल्ल्या सोप्या करत गेले, आणखी सोप्या, अगदी बाळबोध — कशाला म्हणजे? एखादी तरी तुमच्या हातून फुटावी म्हणून! एकही फुटली नाही. — जाऊ दे. ते सांगायचं नव्हतं. — हो, रविवारीच कळलं होतं. फोन करता आला असता. नाही केला. तुम्ही आमंत्रणं वाटलीत, कडक इस्त्रीचा शर्ट घातलात, सगळ्यांना घेऊन आलात — म्हटलं, येऊ दे. पाचवीत होते मी. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, पाटीवरचं माझं बरोबर उत्तर थुंकी लावून पुसलंत आणि स्वतःचं चुकीचं लिहिलंत. बाबा शेजारीच बसले होते. बाबांना कळत होतं माझं बरोबर आहे ते. — होतं ना, बाबा? खाली काय बघताय?

मी सही करणार नाही. आज नाही, उद्या सभेआधी नाही, कधीच नाही. — मोठ्यांशी असं बोलतात का? बरं, नाही बोलत. हा फळा, हा खडू — माझं कुठे चुकलं ते दाखवा. घ्या ना, काका. मी पुसणार नाही. — आत्या, तुम्ही सांगा. — बाबा?

कुणीच नाही?