दोनशे चौदा जणांनी घेतलेलं नाव

डॉक्टर: शिक्का मारा आणि मोकळ्या व्हा, बाई. पाचच्या आत फॉर्म संचालकांच्या कार्यालयात पोचायला हवा. उद्या मुलाखत आहे माझी.

ग्रंथपाल: मारते की, सर. पण शिक्क्यावर काय लिहिलंय, वाचलंत कधी? ‘मूळ प्रत पाहून खात्री केली.’ माझ्या आधीचे न पाहताच मारायचे. मी या वेळी पाहिली.

मेव्हणा: अहो मॅडम, आमच्या दाजींच्या कामात पाहायचं काय? नुसतं मोजायचं! एका पेपरला दोनशे चौदा सायटेशन. म्हणजे जगातल्या दोनशे चौदा विद्वानांनी आपल्या लेखात यांचं नाव घेतलं. फ्लेक्स तयार आहे माझा. आकडा एवढा मोठा ठेवलाय की रस्त्यापलीकडून दिसावा.

ग्रंथपाल: आपण कोण?

मेव्हणा: सख्खा मेव्हणा. छपाईचा धंदा आहे. वर दाजींचा फोटो, खाली ‘पोटातून मेंदूकडे : नव्या संचालकांचे अभिनंदन’.

ग्रंथपाल: मुलाखत उद्या आहे ना?

मेव्हणा: फ्लेक्स वाळायला वेळ लागतो हो.

डॉक्टर: तू जरा गप्प बस. बाई, अडचण काय आहे? एकसष्ट पेपर आहेत माझे. साठ पोटाचे, एक पोट आणि मेंदूचा. तो एकच निवडलाय मी ‘सर्वोत्तम’ म्हणून. आकडा चुकलाय का?

ग्रंथपाल: आकडा बरोबर आहे. पण या वर्षी फॉर्म बदललाय. कोणी कुठल्या वाक्यात तुमचं नाव घेतलंय, ती वाक्यंही जोडायची आहेत.

डॉक्टर: ठाऊक आहे. तो रकाना मीच घालायला लावला. हाडांच्या विभागाचा प्रमुख उभा आहे ना माझ्यासमोर, त्याचे चाळीस सायटेशन. त्यातले पंचवीस त्याच्याच भाच्याचे आणि जावयाचे. म्हटलं, वाक्यं मागवा, म्हणजे पितळ उघडं पडेल.

ग्रंथपाल: रकाना सगळ्यांनाच लागू आहे, सर.

डॉक्टर: असू दे की. कर नाही त्याला डर कशाला?

ग्रंथपाल: बरं. मग ही घ्या वाक्यं. बावीस पानं आहेत. तीन रविवार घालवलेत मी यात.

(डॉक्टर पानं चाळतात. पंख्याखाली कागद फडफडत राहतात.)

मेव्हणा: दाजी, मोठ्यानं वाचा ना. एखादं झकास वाक्य फ्लेक्सवर घेतो.

डॉक्टर: नको.

मेव्हणा: द्या इकडे, मी वाचतो. ‘चाचणी कशी घेऊ नये याचं ठळक उदाहरण म्हणून या अभ्यासाकडे पाहता येईल.’ हे... हे कोणाबद्दल आहे?

ग्रंथपाल: सरांबद्दल.

मेव्हणा: एखादा जळका असतोच. पुढचं घेतो. ‘विद्यार्थ्यांना ही चूक पहिल्याच तासाला दाखवावी.’ पुढचं. ‘दुर्दैवाने.’ आता ‘दुर्दैवाने’नं सुरू होणारं वाक्य मी फ्लेक्सवर कसं छापू?

डॉक्टर: सगळी अशी नसतील.

ग्रंथपाल: नाहीत ना. रंगीत पेन्सिलीनं खुणा केल्यात. नऊ ठिकाणी तुम्हीच तुमचं नाव घेतलंय. सहा ठिकाणी तुमच्या हाताखालच्यांनी घेतलंय, त्यांची बढती अडली होती तेव्हा. नऊ जणांनी पेपर न वाचताच नुसतं नाव उतरवून घेतलंय, त्यातल्या दोघांनी तर शीर्षकही चुकवलंय. उरले एकशे नव्वद. ते सगळे लाल.

मेव्हणा: लाल म्हणजे चांगले?

ग्रंथपाल: लाल म्हणजे ‘असं करू नका’.

मेव्हणा: पण मॅडम, नाव तर घेतलं ना दोनशे चौदा जणांनी? कशासाठी घेतलं ते कोण विचारतो?

ग्रंथपाल: सरांनीच विचारलंय. रकाना क्रमांक सात.

डॉक्टर: एका बारीकशा पद्धतीच्या मुद्द्यावरून लोक उगाच राईचा पर्वत करतात. निष्कर्ष बरोबर होता. आतडं बरं झालं की डोकं तल्लख होतं. बारा आठवडे गोळ्या दिल्या, दर आठवड्याला स्मरणशक्ती तपासली. दहा शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळानं विचारायचे. पहिल्या आठवड्यात लोकांना चार-चार आठवत होते, बाराव्यात दहाच्या दहा. ऐंशी वर्षांच्या आजीबाईसुद्धा धडाधड म्हणायच्या. मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रंथपाल: मीही पाहिलंय, सर. तेव्हा मी तुमच्याच वॉर्डात कारकून होते. शब्दांची यादी मीच टाइप केली होती.

डॉक्टर: अरे हो. तुम्हीच होतात, नाही का!

ग्रंथपाल: मी विचारलंही होतं, ‘सर, बारा याद्या करू का?’ तुम्ही म्हणालात, ‘कागद काय झाडाला लागतात? एकच पुरे.’

मेव्हणा: थांबा, थांबा. बाराही आठवडे तेच दहा शब्द?

ग्रंथपाल: तेच.

मेव्हणा: त्याच क्रमानं?

ग्रंथपाल: त्याच क्रमानं.

मेव्हणा: अहो, मग पाठ होणारच की! माझी मुलगी तेराचा पाढा तीन आठवड्यांत शिकली, तिला कुठे पोटाच्या गोळ्या दिल्या होत्या? दाजी, मी दहावीला दोनदा बसलेला माणूस. मला हे आत्ता, इथं उभ्या उभ्या कळलं. तुम्हाला पंधरा वर्षांत...

डॉक्टर: तू खाली जाऊन गाडी बघ.

मेव्हणा: गाडीला काय होतंय? मी इथेच बसतो. आता तर मला ऐकायचंय.

डॉक्टर: बाई, तुम्ही हे तेव्हाच का नाही बोललात?

ग्रंथपाल: कारकुनानं बोलायचं? तुमच्या हाताखालची डॉक्टर बोलली, तिचं काय झालं ते पाहिलं होतं मी. मेंदूच्या विभागातून वर्षभरासाठी आलेली, बारीक आवाजाची. तिनं भेटीच्या वेळात नातेवाइकांना गाठलं. तीस धडधाकट माणसं. गोळी एकही दिली नाही, फक्त तीच यादी दर आठवड्याला वाचून दाखवली. बाराव्या आठवड्यात त्यांचेही दहाच्या दहा. कागद घेऊन ती तुमच्या खोलीत आली. तुम्ही काय म्हणालात?

डॉक्टर: आठवत नाही.

ग्रंथपाल: ‘पोटावर बोलायला पोटाचा डॉक्टर लागतो.’ मग पेपर दुसऱ्यांदा टाइप करायला आला माझ्याकडे. पहिल्या प्रतीत पाच नावं होती, दुसरीत चार.

डॉक्टर: तिची मुदत संपली होती. ती गेली.

ग्रंथपाल: गेली. आणि दोन वर्षांनी तिनं त्याच मासिकाला पत्र पाठवलं. पाऊण पानाचं. तुमच्याबद्दल एक शब्द वावगा नाही, नुसता हिशेब मांडलाय. त्या पत्राला तीनशे सायटेशन आहेत, सर.

मेव्हणा: तीनशे? पाऊण पानाला?

डॉक्टर: तुम्हाला मजा वाटतेय यात. तीन रविवार घालवून माझे वाभाडे काढलेत. मी काय घोडं मारलंय तुमचं?

ग्रंथपाल: माझ्या आईचं डोकं तेव्हा जायला लागलं होतं. मी त्याच वॉर्डात होते, पेपर माझ्या हातांनी टाइप केला होता. माझा विश्वास बसला होता हो. दोन वर्षं रोज सकाळी त्या गोळ्या दिल्या तिला. मळमळायचं, जेवण जायचं नाही. मी दटावायची, ‘घे, डोकं तल्लख होईल.’ ती घ्यायची बिचारी. पुढे पुढे मला ‘सिस्टर’ म्हणायला लागली. मग ते पत्र आलं इथल्या टेबलावर, तेव्हा थांबवल्या. निदान शेवटचे चार महिने पोटभर जेवली.

डॉक्टर: मला... हे माहीत नव्हतं.

ग्रंथपाल: कसं असणार? आईचं कुठे सायटेशन निघालं?

मेव्हणा: दाजी, पाणी देऊ का?

डॉक्टर: नको. बाई, आता काय करायचं म्हणता?

ग्रंथपाल: एक मार्ग आहे. ‘सर्वोत्तम’ म्हणून तुमचा पहिला पेपर घ्या. आतड्याच्या जखमेवरचा. तुम्ही तेव्हा शिकाऊ होतात, रात्रंदिवस रुग्णांपाशी बसून लिहिलेला. सात सायटेशन आहेत. सातही वाक्यं मी वाचली. सातही मनापासून चांगली आहेत. तो घेतलात तर मी या मिनिटाला शिक्का मारते.

डॉक्टर: सात?

मेव्हणा: साताचा फ्लेक्स करता येईल. आकडा सुटसुटीत आहे.

डॉक्टर: त्या हाडवाल्याचे चाळीस आणि माझे सात? हसतील लोक!

ग्रंथपाल: आत्ताही हसतायतच की, सर. एकशे नव्वद जण.

डॉक्टर: नाही. दोनशे चौदाच राहू द्या. समितीला बावीस पानं वाचायला वेळ कुठे असतो? पहिल्या पानावरचा आकडा बघतात. मी ओळखतो त्यांना, मी स्वतः सहा समित्यांवर आहे. मारा शिक्का.

मेव्हणा: दाजी, नका हो. मी फ्लेक्सवाला असून सांगतोय.

डॉक्टर: मारा म्हणतो ना.

ग्रंथपाल: ठीक आहे. मग रकाना आठ तेवढा भरून द्या. तोही तुमचाच आहे. ‘कामावर टीका झाली असल्यास प्रथम टीकाकाराचे नाव आणि त्यास उमेदवाराचे उत्तर, स्वहस्ताक्षरात.’ कोरा असेल तर फॉर्म बाद, अशी तळटीपही तुम्हीच टाकायला लावलीत.

डॉक्टर: उत्तर लिहीन मी. उत्तरं देण्यात हयात गेलीय माझी. पेन द्या. नाव... काय बरं नाव तिचं?

ग्रंथपाल: तुमच्या हाताखाली वर्षभर होती.

डॉक्टर: हो, हो. चष्मा होता. सारखी प्रश्न विचारायची. नाव अगदी ओठांवर आहे. वय झालं, बाई. पंधरा वर्षांपूर्वीचं आता कुठलं डोक्यात राहायला?

ग्रंथपाल: यादी आठवते का, सर?

डॉक्टर: कुठली यादी?

ग्रंथपाल: दहा शब्दांची.

डॉक्टर: ती होय? चावी, बदक, उशी, पूल, लिंबू, घंटा, कात्री, ढग, जिना, मेणबत्ती.

ग्रंथपाल: दहापैकी दहा. आणि गोळी तर तुम्ही एकही घेतली नव्हती.

मेव्हणा: ...मी गाडी बघून येतो, दाजी.

डॉक्टर: बाई. पाचला वीस मिनिटं आहेत. नाव तेवढं सांगा. मी लिहितो.

ग्रंथपाल: तिसरं कपाट, सगळ्यात खालचा कप्पा. पत्राच्या शेवटी आहे. जमिनीवर बसून शोधावं लागेल. स्टूल तिथे मावत नाही.