प्लॅनर कुठल्या वाटेने गेला

जावई : ...आणि मी पुन्हा सांगतो, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही खोट नाही. त्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीचं इंटरनेटच रडत असणार.

सासू : वा! एबी निगेटिव्ह दाता शोधला की रडतं, ओ पॉझिटिव्ह शोधला की हसतं. फारच हळवं इंटरनेट आहे हो, जावईबापू.

लेक : आई, टोमणे नंतर मार. काल पेशंट टेबलवर होता आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. शेवटी तिथल्या टेक्निशियनबाईंनी ओळखीपाळखीत फोन करून दाता मिळवला. पेशंट वाचला, पण उशिराचं खापर बाईंवर फुटलंय. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय.

जावई : वाईट झालं. पण टेस्टमध्ये प्रत्येक उत्तर पापणी लवायच्या आत येत होतं. टेस्टिंग आईंनीच केलंय.

सासू : केलंय ना. तुमच्या डेटावर. खरा डेटा मागितला तेव्हा काय म्हणालात? 'आई, कशाला डोळे शिणवता?' आणि मशीनकडून लाखभर दाते पाडून घेतलेत. आठ रक्तगट, आठही सारख्याच संख्येने! अहो, एबी निगेटिव्ह माणसासाठी लोक वणवण करतात, आणि तुमच्या राज्यात दर आठवा माणूस एबी निगेटिव्ह!

जावई : तो नमुन्याचा डेटा होता, आई.

सासू : खरा डेटा येऊनही प्लॅनरला अजून तेच वाटतंय. आज सकाळी त्यांच्या डेटाची कॉपी घेऊन मी टेस्ट चालवली. हे बघा.

लेक : थांब, मला नीट समजू दे. कंपनीची मालकीण म्हणून तिकडे उत्तर मला द्यायचंय. प्लॅनर म्हणजे डेटाबेसमध्ये कुठल्या वाटेने शोधायचं ते ठरवणारा, बरोबर?

सासू : बरोबर. आपल्याकडे वाटा दोन. दोन इंडेक्स, म्हणजे क्रमाने लावलेल्या याद्या: एक रक्तगटाची, दुसरी शेवटच्या रक्तदानाच्या तारखेची. आपण मागतो या गटाचे दहा दाते, रक्त देऊन सगळ्यात जास्त दिवस झालेले पहिले. प्लॅनर म्हणतो, दर आठवा माणूस याच गटाचा ना, मग तारखेच्या वाटेने चालत जाऊ, हां हां म्हणता दहा भेटतील. ओ पॉझिटिव्हचे भेटतातही. एबी निगेटिव्हसाठी मात्र बिचारा जवळजवळ सगळे दाते तुडवत जातो. रक्तगटाच्या इंडेक्समध्ये ती मूठभर माणसं एका जागी बसलीत, तिकडे ढुंकून बघत नाही.

जावई : म्हणजे प्लॅनर मूर्ख. मी म्हणतच होतो. रक्तगटाचाच इंडेक्स वापर अशी सक्ती करतो त्याच्यावर. झालं... हे बघा, एबी निगेटिव्ह आला की नाही लगेच?

सासू : आला हो. आता ओ पॉझिटिव्ह शोधा.

जावई : ...हं.

सासू : का? पापणी लवली वाटतं?

जावई : थोडं हळू चाललंय.

सासू : थोडं! दहा जणांसाठी झाडून सगळे ओ पॉझिटिव्हवाले गोळा करून तारखेप्रमाणे रांगेत उभे करतोय तो. वाट चुकलेल्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत, दुसरं काय!

लेक : पण खरा डेटा भरल्यावर कुठला गट किती, हे प्लॅनरला कळायला हवं ना?

सासू : कळतं. डेटाबेस आपणहून अधूनमधून मोजदाद करतो. ती कोणीतरी बंद करून ठेवलीय.

लेक : कोणी?

जावई : ...डेटा भरताना सर्व्हर जड होत होता. तात्पुरती बंद केली होती.

लेक : आणि चालू करायची राहिली.

जावई : राहिली.

सासू : तुम्ही त्याला खोटं सांगितलंत, त्याने ते खरं मानलं. एवढाच त्या बापड्याचा मूर्खपणा.

लेक : आई, पुरे. आणि तू ती सक्ती काढ, मोजदाद चालू कर, दोन्ही गट पुन्हा शोध.

जावई : करतोय... एबी निगेटिव्ह रक्तगटाच्या इंडेक्सने गेला. ओ पॉझिटिव्ह तारखेच्या. दोन्ही लगेच आले.

सासू : बघा, अक्कल होती त्याला.

लेक : हॉस्पिटलला मी कळवते. बाईंना फोन तू करायचास.

जावई : मी? अगं, कंपनीचं पत्र जाईलच ना. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं काहीतरी घालू त्यात.

सासू : घाला, घाला. बाईंचं नाव मात्र साध्या मराठीत खराब झालंय हो.

लेक : आई, चल, आपण बाहेर थांबू. त्याला बोलू दे.

(थोड्या वेळाने, जिन्यापाशी.)

लेक : झालं बोलून?

जावई : हो. तिथल्या डॉक्टरांनाही फोन केला. चौकशी थांबवतो म्हणाले.

सासू : आणि बाई? शिव्या दिल्या असतील तर एकही गाळू नका, मला सगळ्या ऐकायच्यात.

जावई : नाही दिल्या. चूक माझी होती म्हटलं, तर म्हणाल्या, 'एक मिनिट, जरा बसते.'