चक्कीच्या दगडाला शेंदूर

शेंदूर जरा जपून लावावा, निदान आमच्या उज्जैनला तरी. नव्वदीतली गोष्ट. घरोघरी केबल टीव्ही येत होता, आणि सिंचन खात्यातून रिटायर झालेले आमचे बाळकाका भैरवगढजवळची जुनी पाणचक्की पुन्हा चालू करायला निघाले होते. पुरात तिचा तलाव गाळानं भरला होता आणि चक्कीचा वरचा दगड त्यात गडप झाला होता. गाळ उपसताना तो तलावातच सापडला. काठावर आणेपर्यंत संध्याकाळ झाली. कुणी घराच्या पायरीला उचलून नेऊ नये म्हणून काकांनी त्याला शेंदूर फासला.

"आता कुणी हात लावत नाही," म्हणाले.

सकाळी जाऊन बघतो, तर दगडावर हार, अगरबत्ती, पुढे बायकांची रांग. आमच्याकडे भैरवाला भेरूजी म्हणतात. मजूर म्हणाले, "साब, भेरूजी को हम नहीं हटाएँगे."

काका भडकले. "अरे, सिंदूर मैंने लगाया है! मैंने, अपने हाथ से!"

रांगेतल्या म्हातारीनं लगेच त्यांच्या हातात नारळ ठेवला. "तो पंडितजी, इतनी देर कहाँ थे? आरती शुरू करो."

चक्की काही फिरली नाही. तलाव मात्र काकांनी शेवटपर्यंत स्वच्छ ठेवला. रोज आरतीआधी त्यांना आंघोळ त्यातच करायची होती ना!